कामाची सवय कुणाला लावता?

गेल्या दिवाळीत एका सामाजिक उपक्रमाच्या प्रदर्शनात मी एक कापडी पिशवी घेतली. किंमत 850 रुपये. तिला सुतळीने एक कार्ड बांधलेलं. त्यावर शिवणाऱ्या बाईंचा फोटो आणि चार ओळींत सगळं आयुष्य: नवरा गेला, फुटपाथवर आली, ‘आमच्या साथीने’ स्वाभिमानाने उभी राहिली. बाई मागेच मशीनवर बसल्या होत्या. विचारलं, “ताई, एका पिशवीमागे किती सुटतात?”

“साठ.”

“आणि राहता कुठे?”

“तिथंच की. पुलाखाली.”

स्वाभिमानाने उभी राहिलेली बाई रात्री आडवी व्हायला पुलाखालीच जात होती. आयोजकांना गाठलं. कडक इस्त्रीच्या खादीतले गृहस्थ गोड हसले. “घर हा आमचा विषय नाही हो. आम्ही त्यांना कामाची सवय लावतो.”

इथे माझं डोकं फिरलं. पहाटे तीनला मार्केटात पाटी उचलणाऱ्याला, लग्नाच्या हॉलमागे मध्यरात्रीपर्यंत ताटं घासणारीला, भंगार वेचणाऱ्याला, नाक्यावर बिगारीची वाट बघणाऱ्याला कामाची सवय लावणार कोण? साडेदहाला ऑफिसात येऊन आधी कॉफी मागवणारे तुम्ही?

फुटपाथवरचा माणूस कमावतो, हे सर्वोच्च न्यायालयात कागदोपत्री नोंदलं गेलंय. मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्याचा 1985 चा निकाल काढून वाचा. अर्जदारांत संगमनेरकडचा एक चर्मकार आहे. गावात दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे, घर पडलं, मुंबईला आला. 350 रुपये महिन्यावर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून तिथल्या गुंडाला 300 रुपये मोजले, बांबू आणि प्लास्टिकला 700 गेले. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार फुटपाथने गिळला! उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं न्यायालयाने ठणकावून सांगितलं आणि नोटीस देऊन झोपड्या हटवायलाही मोकळीक दिली. पोट मंजूर, पाठ टेकायची जागा नामंजूर. आमचे उपक्रम आजही त्याच निकालावर चालल्यासारखे वागतात.

लंडनचं उदाहरण या मंडळींच्या तोंडी कायम असतं. गॉर्डन रॉडिक आणि जॉन बर्ड यांनी 1991 मध्ये ‘द बिग इश्यू’ काढलं. विक्रेता अंक निम्म्या किमतीला रोखीने घेतो, छापील किमतीला विकतो, वरचे पैसे त्याचे. न खपलेला अंक त्याच्याच गळ्यात. व्यवहार कडक आहे, घर त्यातही मिळत नाही. पण किंमत मुखपृष्ठावर असते आणि त्यातले निम्मे कुणाचे हे घेणाऱ्याला कळू शकतं. आमच्या कार्डावर बाईंचं वैधव्य छापलं होतं, साठ रुपये मात्र छापायचे राहून गेले.

आणि तोच विक्रेता मुंबईच्या सिग्नलला उभा केला तर? भीक प्रतिबंधाचा 1959 चा मुंबई कायदा म्हणतो, वस्तू विकण्याच्या बहाण्याने हात पसरणं हीसुद्धा भीकच. आता बहाणा कुठला आणि धंदा कुठला, हे रस्त्यावर ठरवणार हवालदार. दिल्लीपुरती या कायद्यातली शिक्षेची कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये मोडीत काढली. उद्योजकता शिकवणाऱ्या आमच्या किती संस्थांनी या कायद्याविरुद्ध चकार शब्द काढला? देणगीदार बिचकतील ना!

शहरात लाख लोकसंख्येमागे बारमाही, चोवीस तास उघडा एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बजावलं. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे. त्याच जनगणनेत शहरातले बेघर 57 हजारांच्या वर. तुमच्या वॉर्डातला निवारा कुठे आहे, सांगता येईल? प्रदर्शनाचा हॉल मात्र सगळ्यांना ठाऊक असतो.

घर हा आपला विषय नाही, असं भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका कधी म्हणाल्या नाहीत. 1986 मध्ये त्यांनी ‘महिला मिलन’ उभं केलं. चिल्लर साठवली, ती घरासाठी. पुढे त्यांच्यातल्या काहींनी मानखुर्दला घरं मिळवलीही. कमावणं त्यांना आधीपासून येत होतं. कमावलेलं ठेवायला कोनाडा नव्हता. ज्याचं बोचकं कारवाईच्या गाडीत दर महिन्याला जातं, कागदपत्रांसकट जातं, त्याने बचत कशात करायची? चपलेत?

म्हणून माझी मागणी दोन ओळींची. कार्डाच्या मागच्या बाजूला छापा: बाईंना किती मिळाले, आणि रात्री त्या कुठे झोपतात. दुसरी ओळ छापायची लाज वाटत असेल, तर वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडा. तेही जमत नसेल तर सरळ दुकान काढा, नफा कमवा, फक्त ‘सामाजिक’ हा शब्द पाटीवरून पुसा.

ती पिशवी मी अजून वापरलेली नाही. माझ्या कपाटात आहे, कुलपात, पक्क्या छपराखाली. पावसाळाभर कोरडी राहिली.