चैत्रात गडावर पायी जाणाऱ्यांनो

रामनवमी जवळ आली की मालेगाव, देवळा, कळवणच्या रस्त्यांवर भगवे ध्वज दिसू लागतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची मंडळी आईच्या भेटीला सप्तशृंगगडावर निघालेली असतात. चैत्र पौर्णिमेपर्यंत ही रीघ चालू राहते. नाशिककर दिंडोरी-वणीच्या अंगाने येतात. इतकी मजल मारून आलेल्या माणसाला नांदुरीपासून वरचा दहाएक किलोमीटरचा घाट किरकोळ वाटतो. त्यातून रस्ता डांबरी. ना दगडधोंडे, ना वाट चुकायची भीती.

हा समज आधी काढून टाका. हवेचा पारा चाळीसवर असतो तेव्हा उन्हातलं डांबर साठीच्या घरात जातं. वरून ऊन, खालून झळ आणि एका अंगाला तापलेला कातळ. या दिवसांत डोंगरावरची झाडं निष्पर्ण असतात, म्हणजे झाड असलं तरी सावली नसते. वर चढ चढताना शरीर स्वतःच तापत असतं, ते वेगळंच. आणि अपाय व्हायला पारा चाळिशी गाठावा लागतो असंही नाही. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात 14 जण उष्माघाताने गेले, तेव्हा तापमान अडतीसच्या आसपास होतं. ती माणसं तर बसून होती! 2024 च्या हज यात्रेत तेराशेहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यातले बरेच जण भर उन्हात डांबरी रस्त्यांवरून पायीच चालत होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं वेळेचं. नांदुरीत मुक्काम करा, पहाटे चारला घाटाला लागा. थकल्या पायांनी तीन-चार तास धरले तरी उन्हं चढायच्या आत गडावर पोचता. नांदुरीला यायलाच दहा वाजले तर सरळ पथारी टाका आणि पाचनंतर निघा. ‘आमची दिंडी पुढे गेली’ म्हणून भर दुपारी घाट चढणारे दरवर्षी दिसतात. दिंडीच्या प्रमुखानेच अशांना अडवायला हवं.

अनवाणी जायचा नवस असेल तर अंधारातच चढा, तेव्हा डांबर निवलेलं असतं. दुपारी मात्र पायाला फोड येऊन कातडी सुटते. मधुमेह्यांना तर पाय भाजल्याचं कळतसुद्धा नाही. त्यांनी अनवाणी जाऊच नये, या मताचा मी आहे. चपला-बूट रोजच्या वापरातले हवेत. यात्रेसाठी घेतलेला नवा जोड तळव्याला लागतो. उतरताना नाड्या घट्ट बांधा, नाहीतर सगळा भार अंगठ्याच्या नखावर येतो.

पाणी तहान लागायची वाट न बघता घोट-घोट घ्या. नुसतं पाणीही पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा पोहे खायचा नाही, चहाचा. उपास असला तर सैंधव घाला. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घाट अरुंद, वळणं आंधळी, आणि पहाटे चालायचं म्हणजे अंधार. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेताने उजव्या कडेने, एकामागे एक चाला. वळणावर सेल्फीसाठी किंवा टेकायला थांबू नका. पुढच्या-मागच्या माणसाच्या हातात टॉर्च आणि पाठीवर चमकणारी पट्टी हवी. डीजेची गाडी सोबत असेल तर घाटात तो बंद ठेवा, मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही.

बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसावा इतकं तापलं, तर ‘भक्तीत रंगलाय’ म्हणून सोडून देऊ नका. तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, नसेल तर चादरीची सावली करा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

नाशिकच्या नोकरदारांना एक जादा सूचना: वर्षभर एसीत बसून एकदम चैत्रात चढ चढायला जाऊ नका. महिनाभर आधीपासून सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा.

आणि घाटात दम तुटलाच, तर नांदुरीहून गडावर एसटी जाते. वरच्या पाचशेवर पायऱ्यांना पर्याय म्हणून 2018 पासून ट्रॉलीही आहे. त्यात बसल्याने नवस मोडत नाही. बिनदिक्कत बसा आणि घरी धडधाकट परत या.