हेतु आणि उपाधि

आमची नात परभणींत घरींच राज्यसेवेचा अभ्यास करते. त्या पूर्वपरीक्षेंत २०१३ पासून तर्कशक्तीचेहि प्रश्न असतात. ‘कोणत्या विधानानें युक्तिवाद बळकट होतो?’ ही त्यांतलीच एक तऱ्हा.

परवां पंक्तींत आमचे धाकटे चिरंजीव म्हणाले, “शेजारचा मुलगा पुण्यास गेला नि उत्तीर्ण झाला, हिलाहि पाठवावें.” कुटुंबानें पुस्ती जोडली, “पुण्यांत ग्रंथालयेंहि चांगलीं आहेत.” तें खरें, पण खरें विधान तेवढ्यानें बळ देणारें होत नाहीं.

नैयायिकांचा दृष्टान्त घ्या. तापलेल्या लोहगोलांत अग्नि असतो, धूर नसतो. धुरास ओलें सर्पण लागतें. हा ओलावा म्हणजे उपाधि. तद्वत् त्या मुलाच्या यशाचें कारण पुणें, कीं त्याची मूळचीच तयारी? ही शंका जें विधान दूर करील, तें उत्तर. ‘तितक्याच तयारीचीं, पण परभणींत राहिलेलीं मुलें बहुधा अनुत्तीर्ण झालीं’ असें मानलें, तर चिरंजीवांचा पक्ष बळावतो. सिद्ध मात्र होत नाहीं. परीक्षेंत मागतात तेंहि बळच, सिद्धि नव्हे.

तोंच नात म्हणाली, “आजोबा, घरीं अभ्यास चांगला होतो, हा तुमचा पक्षहि तपासा. मला दिवसांत किती हांका येतात, मोजा.”

दुसऱ्या दिवशीं मोजल्या. दुपारपर्यंत सतरा, त्यांतल्या सहा आमच्याच!

आतां माडीवरची खोली तिची. पुण्याचा निर्णयहि तिचाच.