सारखेच पडतात काय?

आमच्या लोणी भापकरच्या जिराईत भागात विहिरीचे पाणी किती खोल गेले ते खडा टाकून पाहतात. खडा टाका की धोंडा, ‘डुबुक’ तेवढ्याच वेळाने ऐकू येते. जड-हलके सारखेच पडते, हे गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी सांगितले. मग २०२० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने तेच पुन्हा कशाला तपासावे?

त्यांनी रुबिडियमचे ८५ व ८७ अणुभारांचे अणू अतिशय थंड करून दहा मीटर उंच निर्वात नळीत उडवले. लेसरने प्रत्येक अणूची लाट दुभंगून पुन्हा जुळवली. पतनात फरक असता, तर तो या लाटांच्या मेळात उमटला असता. लाख कोटींत काही थोडे भाग, इतक्या बारकाव्यापर्यंतही तो सापडला नाही. आइन्स्टाइनचा १९१५ चा सिद्धांत याच समानतेवर उभा आहे. जिच्यावर एवढे उभे, ती मोजलीच पाहिजे!

कला शाखेच्या मला हे पटले, कारण आपण समता २६ जानेवारीला नुसती बोलतो. माझ्या थोरल्या बहिणीला दहावीत माझ्याहून जास्त गुण होते. ती घरी राहिली आणि मी घरातला पहिला कॉलेजकुमार झालो. “आम्हाला दोघं सारखीच,” असे वडील मनापासून म्हणतात. मीही मान डोलवत आलो.

मित्रहो, जे सर्वांना मान्य आहे, तेच आधी मोजून पाहावे. सुरुवात मी माझ्या घरापासून करतो आहे.