ताटातलं किती काढायचं?

मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं की डॉक्टर औषधाबद्दल बोलतात आणि बाकी सगळे खाण्याबद्दल. आमच्या खर्डा गावात मला भेटायला येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस एखादा पदार्थ बंद करून जातं. मावससासूबाईंनी दूध बंद केलं, जाऊबाईंच्या भावाने गहू, मोबाइलवर आलेल्या व्हिडिओने डाळी आणि शेंगदाणे. सांगतात सगळे मायेनंच. पण सगळ्यांचं ऐकलं तर जेवायचं काय?

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या आवरणावर उलटते. हाताला बधिरपणा येतो, नजर धूसर होते, पाय जड पडतात आणि झोपूनही न जाणारा थकवा येतो. बहुतेकांचा आजार सुरुवातीची वर्षं उसळतो आणि ओसरतो. पथ्याचा घोळ इथेच होतो. आजार आपणहून ओसरला, तर त्या वेळी चालू असलेल्या पथ्याला श्रेय मिळतं. उसळला की बोट माझ्याकडे: ‘‘काहीतरी खाल्लं असशील, आठव.’’ आजारपणाच्या वर हा दोष वाहणं मला सगळ्यात जड जातं.

पथ्याचा विचार अगदीच बिनबुडाचा आहे असं मात्र नाही. डॉ. रॉय स्वँक यांनी नॉर्वेत पाहिलं, की किनाऱ्यावरच्या मासेमार वस्त्यांपेक्षा आतल्या दूधदुभत्याच्या शेतकरी भागात हा आजार जास्त आहे. पुढे मॉन्ट्रियलमध्ये त्यांनी रुग्णांना लोणी, साय, चरबी कमी करायला लावली आणि १४४ जणांचा ३४ वर्षं पाठपुरावा केला. १९९०च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं, की पथ्य पाळणारे कमी खालावले. मात्र तुलनेला स्वतंत्र गट नव्हता. शिवाय ज्याची तब्येत ढासळते तोच पथ्य आधी सोडतो, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे कसं ठरवायचं?

अमेरिकेतल्या डॉ. टेरी वॉल्स यांना स्वतःला हा आजार आहे. आहार बदलून चाकाच्या खुर्चीतून उठल्या आणि सायकल चालवू लागल्या, ही त्यांची गोष्ट मला अनेकांनी पाठवली. आहाराच्या जोडीला त्यांनी व्यायाम आणि स्नायूंना विजेची उत्तेजना हे उपचारही घेतले होते, तो भाग मात्र फॉरवर्ड होत नाही. २०२१मध्ये वॉल्स आणि स्वँक या दोन्ही आहारांची तुलना प्रसिद्ध झाली. थकवा दोन्ही गटांत कमी झाला, पण नेहमीचं जेवण जेवणारा तिसरा गट त्यात नव्हता. आजाराची वाटचाल एखाद्या आहाराने बदलते, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

वॉल्स यांच्या पथ्यात धान्य नाही, कडधान्य नाही आणि रोज नऊ कप भाज्या-फळं. आमच्या जामखेड तालुक्यात हे कसं पाळायचं? ज्वारीची भाकरी, मटकी, हुलग्याचं शेंगोळं, शेंगदाण्याची चटणी, सगळंच गेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात नऊ कप भाज्या-फळं कुठून आणायची? याच तालुक्यात १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आरोग्याचं काम करायला आले. गरोदर बाईने पोटभर खाल्लं तर बाळंतपण अवघड जातं, ही समजूत घालवायला त्यांनी तयार केलेल्या गावोगावच्या आरोग्य सेविका घरोघरी बोलल्या. बाईच्या ताटात घास वाढवायला ज्या भागाने एवढे कष्ट घेतले, तिथे पुराव्याशिवाय घास काढून घेताना माझा जीव तुटतो.

आणि वेगळं पथ्य म्हणजे वेगळा स्वयंपाक. तो कोण करणार? बधिर बोटांना तवा किती तापलाय ते कळत नाही. चुलीची धग अंगाला लागली की नजर आणखी धूसर होते. या आजारात उष्णतेने लक्षणं तात्पुरती वाढतात. आधी स्वयंपाकाने थकायचं आणि मग त्या थकव्यासाठी पथ्य करायचं, हे मला पटत नाही.

लग्नाच्या पंगतीत तर निराळंच. ‘‘आमच्या घरचं चालत नाही का गं?’’ असं विचारणाऱ्या बाईला मी काय सांगू? तिच्या पुरणपोळीवरची तुपाची धार मी थोपवते, पोळी खाते.

न्यूरॉलॉजिस्टशी बोलून मी थोडंच ठरवलंय. तूप, साय, तळण बेताचं. भाकरी, वरण, मिळेल ती भाजी. रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळलं, म्हणून त्याची गोळी. बी-१२ही तपासून घेतलं, कारण त्याच्या कमतरतेनेही मज्जारज्जू बिघडतो आणि लक्षणं सारखीच दिसतात. वजन आटोक्यात. घरात विडी-सिगारेट बंद, तंबाखूच्या धुराने हा आजार बळावतो याला चांगला पुरावा आहे. गंमत अशी, की विडी सोडा असं मात्र आमच्याकडे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

या आजारावरचं माझं इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. लाइट गेली की फ्रिजचं दार कुणी उघडायचं नाही, आणि लवकर आली नाही तर डबा इन्व्हर्टरवाल्या शेजाऱ्यांकडे न्यायचा, हे घरातल्या पोरांनाही आता पाठ आहे. सासूबाई पाहुण्यांना आधी हेच सांगतात. काय खायचं ते मग.