सप्टेंबरची पहिली तारीख

जपानी शाळांविषयीं आपल्याकडे कौतुकानें बोलण्याची रीत आहे. मुलें आपला वर्ग आपणच झाडतात, वेळेवर येतात, शिक्षकांपुढें आदरानें वांकतात. हें सर्व खरें आहे व स्पृहणीयही आहे. परंतु त्याच देशांत उन्हाळ्याची सुटी संपत आली म्हणजे आईबापांच्या मनांत एक धास्ती उभी राहते, तिची वार्ता आपल्यापर्यंत क्वचितच पोंचते. १९७२ पासून २०१३ पर्यंत अठरा वर्षांखालील ज्या मुलांनीं आत्महत्या केली, त्यांची तेथील सरकारनें तारीखवार गणना केली. सर्वांत अधिक मृत्यू १ सप्टेंबर या तारखेस आढळले. सुटीनंतर पुष्कळ शाळा त्याच दिवशीं उघडत असत. २०२४ सालीं असे ५२९ विद्यार्थी गेले. १९८० पासूनच्या नोंदींत तोंवर इतका मोठा आंकडा नव्हता.

याचें खापर परीक्षांवर फोडून मोकळें होणें सोपें आहे. आमच्या मतें चारचौघांसारखें दिसण्याची सक्ती अधिक जाचक असावी. वर आलेल्या खुंट्यावर हातोडा पडतो, अशी तिकडे म्हणच आहे. कित्येक शाळांत केस काळेच हवेत असा नियम असे. २०१७ सालीं ओसाका प्रांतांतील एका विद्यार्थिनीला, जन्मतः तपकिरी केस काळे करावयास लावले अशा तक्रारीवरून, न्यायालयांत जावें लागलें. टोकियोच्या सरकारी माध्यमिक शाळांनीं असे नियम २०२२ सालीं काढून टाकले. केसांचें एक दिसतें तरी; सोबत्यांनीं वाळींत टाकलेल्या मुलाचें दुःख कोणास दिसणार? वर्गांतील शांततेवरून मुलांच्या मनाची परीक्षा आम्हां शिक्षकांस करतां येत नाहीं. युनिसेफनें २०२० सालीं ३८ संपन्न देशांतील मुलांची तुलना केली, तींत जपानचीं मुलें शारीरिक आरोग्यांत पहिलीं आलीं, मानसिक स्वास्थ्यांत सदतिसावीं!

तीस किंवा अधिक दिवस शाळेंत न गेलेलीं मुलें २०२४-२५ या वर्षीं तेथील प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत साडेतीन लाखांवर होतीं. हा आळस आहे असें म्हणणारे पालक सर्वत्र भेटतात. आम्हांस तें मान्य नाहीं. जपानच्या २०१६ च्या कायद्यानेंही अशा मुलांस विश्रांतीची गरज असते हें मान्य केलें आहे. (हें वाचणाऱ्या कोणाच्या मनावर असें ओझें असेल, तर त्यानें तें घरीं किंवा आमच्यापैकीं कोणापाशीं आजच बोलावें, हजेरीचें मागाहून पाहूं.)

२०१५ च्या ऑगस्टअखेर कामाकुरा शहराच्या ग्रंथालयानें इंटरनेटवर चार ओळी लिहिल्या. शाळेंत जाणें मरणाहून कठीण वाटत असेल तर ग्रंथालयांत या, चित्रकथा आहेत, दिवसभर बसलांत तरी कोणी कांहीं बोलणार नाहीं, असा त्यांचा आशय होता. त्या हजारों लोकांनीं एकमेकांस पाठविल्या. मुलें शाळा बुडवितील अशा भीतीनें त्या काढून टाकाव्या असाही विचार निघाला होता. परंतु त्या काढल्या नाहींत.