पाठीवरचें विमान

पाठीस व हातांस यंत्रें बांधलेला मनुष्य समुद्रावरून उडत जातो, असें चलच्चित्र हल्लीं बहुतेक घरांतील मुलांनीं पाहिलेलें असतें. आमच्या घरच्या धाकट्या मंडळींनीं त्यावरून असा प्रश्न काढला कीं, मोटारींच्या गर्दींत रोज दोन तास घालविण्यापेक्षां असें ‘जेटपॅक’ बांधून कचेरींत कां जाऊं नये? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. विमानाचीहि एके काळीं अशीच थट्टा झाली होती.

यंत्र मात्र नवें नव्हे. २० एप्रिल १९६१ रोजीं अमेरिकेंत नायगाराजवळ हॅरल्ड ग्रॅहॅम यांनीं बेल कंपनीचा ‘रॉकेट बेल्ट’ बांधून दोराच्या आधाराशिवाय पहिलें उड्डाण केलें. तें १३ सेकंदांचें व ११२ फुटांचें होतें. हायड्रोजन पेरॉक्साइड चांदीच्या जाळ्यांवरून सोडलें म्हणजे त्याची तत्क्षणीं प्रखर वाफ होते, आणि ती खालीं जोरानें फेकली कीं मनुष्य वर उचलला जातो. १९८४ सालीं लॉस एंजलिसच्या ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनासहि याच जातीचा पट्टा बांधून एक मनुष्य उडाला. परंतु त्याची टांकी २१ सेकंदांत रिकामी होई. एवढ्यांत कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जातां येईल. परत येण्याचें नांव नको!

असें कां व्हावें? पक्षी पुढें जातो, आणि त्याचे पंख हवेवर टेकून त्यास तोलून धरतात. ज्यास पंख नाहींत त्यास आपलें वजन क्षणोक्षणीं कांहींतरी खालीं फेकूनच तोलावें लागतें. त्यांतहि हेलिकॉप्टरचा रुंद पंखा पुष्कळ हवा सावकाश लोटतो. हें लहानसें यंत्र थोडी हवा अति वेगानें लोटतें. हवा निम्मी घेतली तर तितक्याच आधारासाठीं वेग दुप्पट करावा लागतो, आणि शक्तीचा खर्चहि दुप्पट होतो. विद्यार्थ्यांनीं हें कागदावर मांडून पाहावें. इंग्लंडांतील रिचर्ड ब्राउनिंग यांच्या उड्डाणवेशांतील जेटयंत्रांची शक्ति एक हजार अश्वशक्तीहून अधिक आहे, तरी तो कांहीं मिनिटेंच हवेंत राहतो. २०१८ सालीं लंडनच्या एका दुकानांत तो ३,४०,००० पौंड किंमतीस मांडला होता. शिवाय दोन्ही हात यंत्रांत गुंतलेले. डबा आणि छत्री कोणी धरावी?

लांब पल्ल्याचें उदाहरण फ्रान्सच्या फ्रांकी झापाटा यांचें. पायांखालीं जेटयंत्रांची फळी व पाठीवर रॉकेलच्या जातीचें इंधन घेऊन ते २५ जुलै २०१९ रोजीं इंग्लिश खाडी ओलांडावयास निघाले. वाटेंत इंधन घेण्यासाठीं नौका ठेविली होती. तिच्यावर उतरतांना ते समुद्रांत पडले. मारुतीस वाटेंत मैनाक पर्वत विसांव्यास वर आला असतां त्यानें नुसता हस्तस्पर्श करून पुढें प्रयाण केलें. यंत्राधीन मनुष्यास ती मुभा नाहीं. ४ ऑगस्ट रोजीं मात्र झापाटा नौकेवर नीट उतरले, आणि सुमारें ३५ किलोमीटरांचें अंतर त्यांनीं २२ मिनिटांत पार केलें.

खर्च व वेळ सोडून दिला, तरी जिवाची गोष्ट राहतेच. सायकलीची साखळी पडली तर पाय टेकतां येतो. मोटार कडेला उभी राहते. हेलिकॉप्टरचें यंत्र बंद पडलें तरी पंखा वाऱ्यानें फिरत राहून सांवरून उतरण्याची सोय असते. येथें यंत्र थांबलें कीं मनुष्य दगडासारखा खालीं येतो. चाळीस फुटांवरून पडणें म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पडणें, आणि तेवढ्या उंचीवर हवाई छत्री उघडण्यास अवकाश मिळत नाहीं. रॉकेट बेल्टचे जनक वेंडेल मूर यांची गुडघ्याची वाटी चांचणींतच फुटली. व्हिन्सेंट रेफे हे तर पंख व जेटयंत्रें बांधून उडणारे कसलेले वीर. १७ नोव्हेंबर २०२० रोजीं दुबईंत सराव करतांना त्यांचा अंत झाला. जें काम अशा निष्णातांस प्राण पणास लावून करावें लागतें, तें झोंप अर्धवट झालेल्या कारकुनानें रोज सकाळीं करावें काय?

तथापि यंत्र टाकाऊ आहे असें मीं म्हणणार नाहीं. भारतीय सैन्यानेंहि २०२३ सालीं अशा ४८ वेशांकरितां प्रस्ताव मागविले. परंतु मला त्याहून मोलाचा वाटतो तो सप्टेंबर २०२० मधील उत्तर इंग्लंडांतील प्रयोग. तेथील हवाई रुग्णसेवेनें डोंगरांत एक अपघात झाला असें कल्पून ब्राउनिंग यांस पाठविलें. पायीं २५ मिनिटांची चढण त्यांनीं ९० सेकंदांत संपविली.

आपल्या सह्याद्रींत एखादा तरुण कड्यावरून घसरतो, तेव्हां गिर्यारोहक स्वयंसेवक दोर व झोळी घेऊन तासन् तास चढतात. हा वेश जखमीस उचलून आणूं शकणार नाहीं. परंतु रक्त थांबविणारा एक जाणता हात त्याच्याजवळ लौकर पोंचवील. अडचण एवढीच कीं, धुक्यांत त्याचा उपयोग नाहीं, आणि आमच्या तरुणांची किल्ल्यांवर गर्दी लोटते ती ऐन पावसाळ्यांत.