दोनशे प्रश्न आणि दोन आठवडे

अपघातात मांडीचे हाड मोडलेला रुग्ण मध्यरात्री सरकारी रुग्णालयात आणला जातो, तेव्हा त्याची पहिली जबाबदारी बहुधा अस्थिव्यंगोपचार विभागातील निवासी डॉक्टरवर येऊन पडते. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. या जखमींपैकी किती जण पुन्हा आपल्या पायांवर उभे राहतील, हे पुष्कळ अंशी अशा डॉक्टरांच्या हातावर अवलंबून असते. ते या शाखेत येतात कसे, हा प्रश्न म्हणूनच केवळ विद्यार्थी आणि पालक यांच्यापुरता मर्यादित राहत नाही.

अस्थिव्यंगोपचारातील एम. एस. हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. त्याचे मुख्य प्रवेशद्वार म्हणजे ‘नीट-पीजी’ ही परीक्षा. ‘एम्स’सारख्या काही राष्ट्रीय संस्थांची परीक्षा निराळी असली तरी तिची जातकुळी हीच. २०२५ सालच्या ‘नीट-पीजी’मध्ये एमबीबीएसच्या विषयांवर २०० प्रश्न होते आणि त्यांसाठी साडेतीन तासांचा अवधी होता, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्या उत्तराचा एक गुण वजा. त्यातून गुणानुक्रम ठरतो आणि त्या क्रमानुसार पसंतीची शाखा व महाविद्यालय पदरात पडते. उमेदवाराने कधी प्लास्टर घातले आहे काय, मोडलेल्या पायाला आधारपट्टी बांधली आहे काय, हे या संपूर्ण प्रक्रियेत त्याला कोणीही विचारीत नाही. क्रमांक थोडा घसरला म्हणून क्ष-किरणशास्त्राऐवजी अस्थिव्यंगोपचार स्वीकारणारा आणि पहिल्यापासून याच शाखेचा ध्यास घेतलेला, हे दोघेही या यंत्रणेच्या लेखी सारखेच.

या प्रवेशांवर वाद होत नाहीत असे नाही. २०२३ मध्ये रिक्त जागा भरण्यासाठी पात्रतेची पर्सेंटाइल मर्यादा शून्यावर आणली गेली, तेव्हा गदारोळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील अधिवासाधिष्ठित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. त्याच वर्षी परीक्षा एकाच सत्रात घ्यावी, असाही आदेश दिला. हे सारे वाद महत्त्वाचेच. परंतु ते जागांच्या वाटपाचे आणि परीक्षेच्या व्यवस्थेचे आहेत. परीक्षेत नेमके काय तपासले जाते, या मूळ मुद्द्याकडे मात्र कोणी वळत नाही.

लेखी परीक्षेच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो नाकारून चालणार नाही. मुलाखतीच्या दालनात आडनाव, ओळख आणि वशिला यांना शिरकाव मिळतो; संगणकाला उमेदवार कोणाचा कोण हे ठाऊक नसते. कोणताही आधार नसलेल्या खेड्यातील मुलाला हीच परीक्षा न्याय देते. अमेरिकेने दुसरा मार्ग धरला आहे. तेथे अस्थिशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण पाच वर्षांचे असते. उमेदवार अन्य रुग्णालयांत जाऊन काही आठवडे प्रत्यक्ष काम करून दाखवितात, ज्येष्ठांची शिफारसपत्रे मिळवितात, मुलाखती देतात. २०२२ पासून तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणेच बंद झाले. आता केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण. परिणामी शिफारशीचे आणि ओळखीचे वजन वाढण्याची भीती आहे. शिवाय गावोगावी जाऊन काम करण्याचा खर्च उमेदवाराच्याच खिशातून होतो. ती पद्धत जशीच्या तशी येथे आणणे म्हणजे वशिल्याला राजमार्ग खुला करून देणे होय.

मग उपाय कोणता? तो प्रवेशाच्या आधीच्या वर्षात, म्हणजे आंतरवासितेत, शोधावा लागेल. २०२१ च्या नियमांप्रमाणे बारा महिन्यांच्या आंतरवासितेत अस्थिव्यंगोपचाराच्या वाट्याला, पुनर्वसन वैद्यक धरून, अवघे दोन आठवडे येतात. भावी डॉक्टरचा हात घडण्याचे हे वर्ष. पण तेच परीक्षेच्या तयारीचेही वर्ष असते. त्यामुळे कित्येकांचे लक्ष वॉर्डापेक्षा सराव-प्रश्नांवरच अधिक राहते. याचा दोष विद्यार्थ्यांना देणे अन्यायाचे होईल. ज्या गोष्टीला गुण नाहीत, तिच्यावर वेळ घालविण्याची चैन त्यांना परवडणारी नाही.

गुणानुक्रम लेखी परीक्षेनेच ठरावा; मात्र शल्यशाखांत रुजू होण्यापूर्वी एक साधी प्रात्यक्षिक चाचणी अनिवार्य करावी. मोडलेल्या अवयवाला आधार देणे, त्यातील रक्तपुरवठा शाबूत आहे की नाही ते पाहणे, क्ष-किरणचित्र वाचणे, प्लास्टर घालणे व ते आवळले तर वेळीच ओळखणे, एवढ्याच गोष्टी तीत असाव्यात. तिला गुण नसावेत, केवळ उत्तीर्ण होण्याची अट असावी, आणि अनुत्तीर्णाला पुन्हा संधी मिळावी. गुणच नसल्याने तिचा गुणानुक्रमावर परिणाम होणार नाही आणि वशिल्यालाही फारसे काही साधता येणार नाही. आंतरवासितेतील चार ऐच्छिक आठवडे त्या तयारीसाठी आहेतच. जागा सोडणाऱ्या निवासी डॉक्टरांवर दंडाचे बंधपत्र लादू नये, अशी सूचना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना केली होती. चुकीच्या शाखेत अडकलेल्याला मोकळे करणारी ही सूचना सर्वत्र अमलात यावयास हवी.

हे बदल मोठा खर्च मागत नाहीत. ते मागतात प्रशासनाची इच्छाशक्ती आणि अध्यापकांचा वेळ. परीक्षागृहात चुकलेल्या उत्तरापायी उमेदवाराचा एक गुण जातो. वॉर्डात चुकलेल्या प्लास्टरची किंमत मात्र रुग्णाला आपल्या हातापायाने मोजावी लागते. निवडीची पद्धत ठरविताना या रुग्णाचा विचार प्रथम झाला पाहिजे.